टाळू

कुत्र्याला पुरायला खड्डा खणत होती हेस्टर,
फावड्याखाली दगड वाजला तो वेगळाच.
निरोप आला : डॉमिनी, याल का जरा?
काळा कोट चढवून निघालो,
मला वाटलं, कुत्र्यासाठीच बोलावलंय.

कारूत जानेवारीतली नदी म्हणजे मेंढ्यांची वाट नुसती.
तिच्या काठच्या लाल मातीत, बिळाच्या तळाशी
दोन जीव, कुशीत कुशी.
एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर.
चोच कासवाची, सुळे डुकराचे,
निजायची तऱ्हा मात्र
शेजारी चादरीत गुंडाळून ठेवलेल्या कुत्र्याची.

संग्रहालयातली पोर आली, नोम्वुयो,
दातकोरणीएवढ्या सुईनं तासन् तास माती टिपत बसली.
म्हणाली, साडेपंचवीस कोटी वर्षं.
म्हणाली, पूर आला असणार, बिळात पाणी शिरलं.
मी जन्मभर एकच पूर सांगत आलो,
त्यात प्रत्येक जातीची जोडी वाचते.

हेस्टर किटली घेऊन आली, दगडावर टेकवली,
बराच वेळ बघत राहिली.
फ्लोरिसला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.
त्याच्या मातीशी उभं राहून मीच सांगितलं होतं :
मरण मुळात नव्हतं. आदामानं हात पुढे केला
आणि ते आत आलं,
फाटक उघडं राहिलं की कोल्हा येतो तसं.
तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात,
लोकरीचा भाव विचारावा तसं :
'डॉमिनी, यांनी कुठलं फळ खाल्लं होतं?'

त्या रात्रीपासून मी ताळे जुळवत बसलो.
म्हटलं, सहा दिवस म्हणजे सहा लांबच लांब दिवस.
म्हटलं, मरण जुनंच, नांगी तेवढी आदामाची;
आपण मरणार हे कळणं, हीच त्या फळाची चव.
हे मला पटलं. हेस्टरला नाही.
म्हणाली, 'मेलेल्या कोकरापासून मेंढी तीन दिवस हलत नाही.
तिला कुणी चाखवलं?'

मग फळ बाजूला ठेवलं, मातीकडे वळलो.
मातीतून माणूस घडवला, हे शेकडो वेळा वाचलं,
दर वेळी डोळ्यांपुढे कुंभार :
सकाळी बसला, दुपारी हात धुऊन उठला.
पण माती मळण्यातच त्याचा एवढा काळ गेला असेल तर?
थरामागून थर, थराथरात कुणीतरी निजलेलं,
आणि त्याचे हात कोपरापर्यंत आत.
लांबून हुकूम सोडणाऱ्याचे असे हात नसतात.
त्या हातांत पुढे खिळे ठोकले गेले, हेही मीच शिकवलंय;
ते या बिळाशी लावून बघायचा
धीर कधी झाला नव्हता.
उत्तर नाही हे. हेस्टरला अजून सांगितलेलं नाही.

प्लास्टरचं गाठोडं ट्रकवर चढवताना
तिनं त्यावर फ्लोरिसची घोंगडी टाकली.
नोम्वुयो म्हणाली, काकू, याची गरज नाही.
'असू दे. रस्ता खडबडीत आहे.'
कुत्र्याला मग पॉपलरखाली पुरलं.
मी प्रार्थना केली. नियमात बसत नाही.

ईस्टरनंतर तिच्या नातवाचा बाप्तिस्मा.
भिजलेला अंगठा कपाळावरून जरा वर सरकला.
टाळू भरली नव्हती अजून, मऊ होती, उडत होती.
त्या दोघांच्याही कवटीला तिथेच एक भोक होतं,
उजेड कळायचा त्यातून, असं नोम्वुयो म्हणाली होती;
हेही म्हणाली होती, की बाळाच्या टाळूशी
त्याचा काही संबंध नाही.
नसेल.
मी अंगठा पटकन उचलला नाही.
पोर रडायला लागलं.
पहिल्या बाकावरून हेस्टर बघत होती,
'पित्याच्या' इथपर्यंत आलो होतो,
पुढचा शब्द यायला थोडा वेळ लागला.